दुसरा गिअर

बोरस्ते सिस्टरांनी चावी देताना एवढंच सांगितलं:
दुसरा धरून ठेवायचा. सुटतो.
बावीस वर्षं त्यांनी तो तसाच धरला होता,
इंदिरानगर ते सिव्हिल हॉस्पिटल,
रात्रपाळीला जाताना, रात्रपाळीहून येताना.

अंबडच्या शेडमध्ये आम्ही तिला सोलून काढलं.
मागच्या सीटखाली निघाली
इंजेक्शनची तीन टोपणं, चार आण्याचं नाणं,
कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षता, अजून पिवळ्या.
नौशाद म्हणाला, हे वजनात धरायचं का?
सीट भंगारवाल्याच्या काट्यावर: साडेअकरा किलो.
दारांची अस्तरं, टपाचं कापड, स्टेपनी, जॅक.
डॅशबोर्डवरचा गणपती मी राहू दिला.
नौशादने बघितलं, बोलला काही नाही,
पाइपाला पाइप जोडत बसला.

सिलिंडर तीन. चौथा कधी नव्हताच,
तर त्याची आठवण काढायची नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान.
आणि ही पुढच्या चाकांची गाडी, तो समजावतो,
ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच,
ब्रेकचा भारही बहुतेक त्यांच्याच डोक्यावर.
मागची दोन नुसती बरोबर येतात,
लग्नाला आलेल्या लांबच्या काकांसारखी.
त्यांच्यात हवा जास्त भर. घसरू दे त्यांना,
तेवढं तरी काम करतील.

गिअरबॉक्सला पैसे उरले नाहीत.

आडगावच्या पुढे, मुरमाच्या मैदानावर
फवारणीचा ट्रॅक्टर पाणी मारून गेला,
ते उन्हाने दहा मिनिटांत पिऊन टाकलं.
दारावर चिकटपट्टीचा सत्तावीस,
सातचं शेपूट सुटून फडफडत होतं.
झेंडा पडला.
पहिला. दुसरा. डावा हात दांडीवर गच्च.
तिसरं वळण आकड्यासारखं उलटं फिरलेलं,
तिथे हँडब्रेक हवा, हँडब्रेकला डावा हात हवा,
आणि माणसाला डावा हात एकच असतो
हे दोन महिन्यांच्या तयारीत
आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.
समोर टायरांची भिंत.

मग गुडघा. कुठून आलं डोक्यात, माहीत नाही,
डावा गुडघा दांडीला रेटला,
हात खाली, ब्रेक वर,
आणि मागचे काका एकदम उठून नाचायलाच लागले!
धूळ खिडकीतून आत, आकाश आडवं,
पुढच्या चाकांनी जमीन पकडली
आणि ओढलं आम्हा सगळ्यांना बाहेर.

दोन मिनिटं नऊ सेकंद. सात गाड्यांत चौथी.

सिस्टर क्रेटवर बसल्या होत्या, छत्री घेऊन.
नंबर विचारला नाही.
पँट वर कर, म्हणाल्या,
दोन बोटांनी गुडघ्याची आतली बाजू दाबून पाहिली.
इथेच. मलाही इथेच निळं पडायचं. बर्फ लाव.
मग खिडकीतून वाकल्या, हॉर्न दाबला.
वाजला नाही.
तो आम्ही काढला होता.
चारशे ग्रॅम.