बोलण्यापुरती

आधी मला वाटलं, झोपेतही हा ड्युटीवर आहे.
कात्रज ते शिवाजीनगर, सव्वीस वर्षं शिट्टी तोंडात,
तीच आता नरड्यात उतरली असेल.
एकवीस दिवस व्हेंटिलेटरवर काढून घरी आलेला माणूस
श्वास घेताना बारीक वाजला, तर वाजू दे म्हटलं.
आहे म्हणून वाजतोय.

धनकवडीच्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला.
तीन महिने पंप ओढला. शिट्टी चढतच गेली.
मग ससूनच्या ओपीडीत एका पोरगेल्या डॉक्टरीणबाईंनी
छातीला नाही, गळ्याला स्टेथोस्कोप लावला
आणि बराच वेळ काढलाच नाही.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी नळी काढून दाखवली.
कुर्चेची अठरा-वीस कडी, एकाखाली एक,
पण पूर्ण गोल नाहीत, मागून उघडी,
तुळशीबागेतल्या त्या दाबून घालायच्या बांगड्यांसारखी.
का, तर मागे खेटून अन्ननलिका राहते,
भाकरीचा मोठा घास उतरला की तिला फुगायला जागा लागते.
इतका शेजारधर्म आमच्या सोसायटीत नाही, मी म्हणाले.
बाई हसल्या नाहीत. पेन खाली नेत म्हणाल्या,
आतल्या अंगाला बारीक केस असतात,
धूळ, कफ, रस्त्यावरचा धूर, सगळं
वर ढकलत राहतात, दिवसरात्र.
"मागचे पुढे सरका," मुरलीधर पुटपुटला.
तेव्हा अजून पुटपुटता येत होतं.

जीव वाचवणाऱ्या नळीचा फुगा जिथे टेकला होता
नेमका तिथे व्रण धरला. व्रणाचं कडं झालं,
हे मात्र पूर्ण गोल,
आणि आवळत आलं.
मुगाच्या दाण्याएवढी वाट उरली होती.
तेवढ्यातून अख्खा माणूस ये-जा करत होता.

गळ्याला भोक पाडलं. शुद्धीवर आल्यावर
पाटीवर त्यानं पहिलं वाक्य लिहिलं:
नावच मुरलीधर, भोकं पडायचीच.
मी पाटी पुसली. जिन्यात जाऊन रडले.

वरची वाट पुढे दोनदा फुग्यानं रुंद केली.
बोलण्यापुरती झाली. जिना चढण्यापुरती नाही.

आता नाक नुसतं शोभेला.
डिसेंबरातली कोरडी हवा थेट आत,
न गाळलेली, न ऊब दिलेली,
म्हणून गळ्यावर ओल्या मलमलीचा तुकडा.
आंघोळ छातीपासून खाली.
शिट्टी एकदा फुंकून पाहिली त्यानं, बोट न लावता.
हवा ओठांपर्यंत पोचलीच नाही,
मलमल हलली फक्त.
शिट्टी आता शेगडीमागच्या खिळ्याला असते, तेलकट.

गुरुवारी वीज जाते, पाणीही येत नाही,
पुण्यात हे कुणाला सांगायला नको.
तशा एका गुरुवारी कफाचा खडा नळीत बसला.
सक्शन मशीन मुकं. ओठ जांभळाच्या रंगावर.
आतली नळी फिरवून उपसली, हात कापले नाहीत,
ते संध्याकाळी कापले.
बाहेरच्या नळीतून हवा अशी आत गेली
की डेपोतून पहिली गाडी सुटली.
मग पिण्याच्या तांब्यातलं पाणी, बारीक ब्रश,
घास घास घासलं.
तो पाटीवर लिहीत होता: पाणी जपून.

कणीक हल्ली तोच मळतो.
दोन्ही हात पिठात आणि काही म्हणायचं असलं
की हनुवटी वर करतो.
मी नळीच्या तोंडावर बोट ठेवते.
बोटाखाली हवा थबकते, वळते,
जुन्या वाटेनं वर जाते,
आणि मुरलीधर म्हणतो, "मीठ."

भांडण झालं की मी बोट ठेवत नाही.
तो तसाच उभा, हात पिठाचे, हनुवटी वर,
मलमल फुगते, बसते, फुगते.
पाच मिनिटं जातात.
मग ठेवते. एकटीनं किती भांडायचं.