आठ नंबरची सुई

सुई हरवली तेव्हा बाजाराला चार दिवस होते
आणि उशीच्या अभ्र्यावरचं बदक एका पायावर उभं.
(असं बदक आमच्या गावात कोणी पाहिलेलं नाही,
नमुना प्रणालीनं मोबाइलवरून उतरवून दिलेला.)

पंचफुलानं आधी अंथरूण झटकलं, मग मला उभं करून झटकलं,
डब्यातली बटनं परातीत ओतली,
प्रणालीनं पलंगाखाली उजेड फिरवला:
दोन बिब्बे, चिंचोका, माझ्या जुन्या चष्म्याची एक काच.
सुई नाही.

मग तिघांच्या नजरा
एकदमच उंबऱ्याकडे वळल्या.
तिथं डांबर जीभ काढून बसला होता
चोराच्या चेहऱ्यानं. त्याचा चेहराच तसा आहे.

रस्तेवाल्यांच्या टोळीमागं आला तो.
गिट्टी संपली, रोलर गेला, हा राहिला,
पाठीवर डांबराचा वाळका गोळा घेऊन.
पंचफुलानं तो भरतकामाच्या कात्रीनं केसासकट काढला.
तेव्हापासून त्या कात्रीनं रेशीम नीट कापत नाही
आणि हा तिच्या पायाशिवाय झोपत नाही.

"गिळली बाप्पा यानं," ती म्हणाली, "दोऱ्यासकट."
रडली नाही.
फक्त रिंगणातलं कापड सैल केलं.

डॉक्टर भोयर फोनवर म्हणाले, रताळं उकडून चारा
आणि मागून पाहत राहा.
काय पाहायचं ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

अडतीस वर्षं डेपोत मी बसचे नटबोल्ट मोजले.
आता सांदवाडीत कुत्र्यामागं फिरू लागलो,
सांभाराच्या वाफ्यातून भेदरांच्या सरीत,
कानाला दुपट्टा, एका हातात टॉर्च, एका हातात खुरपं.
कुंपणावरून तुळशीराम: "काय पेरून रायला गा इतक्या पहाटे?"
म्हटलं, पेरत नाही. उगवते का पाहतो.

आणि पाहताना पाहिलं
की वांग्याच्या पानामागं मावा आहे,
की पोपटाच्या शेंगा यंदा लवकर भरल्या,
की डांबर बसण्याआधी तीन गिरक्या घेतो
आणि दर गिरकीला खिडकीकडे बघतो एकदा.
खिडकीत पंचफुला. मांडीवर रिकामं रिंगण.
"निघाली?"
"नाही."

मधला बाजार गेला. नवी आणू का म्हटलं,
तर म्हणाली, आधी ही निघू द्या.
त्या रात्री त्याच्या पोटाला कान लावून बसली होती.
"वाजते काही?"
"गुरगुर," ती म्हणाली. "भुकेची."

नवव्या दिवशी शेंगा तोडायला गेली
आणि तिथूनच हाक: "अहो, या इकडं. हसू नका."

मांडवाच्या बल्लीला, डोळ्याच्या उंचीवर, सुई.
तिनंच टोचलेली,
पदरात शेंगा घ्यायच्या म्हणून हात मोकळा करताना.
खाली लोंबता हिरवा दोरा, हिरव्यात हिरवा,
आणि वेलाचा एक कोवळा शेंडा
त्या दोऱ्याला तीन वेढे घालून वर चढलेला,
नेढ्यापाशी थांबलेला,
पुढं कुठं जावं ते न कळून.

तिनं हात पुढं केला.
मागं घेतला.
"राहू द्या. बाजारात दोन रुपयाला मिळते."

शनिवारी दोन आणल्या.
बदकाला दुसरा पाय आला, जरा जाड.
गवत अर्धं एका हिरव्याचं, अर्धं दुसऱ्या,
कारण ती लडी दुकानात संपली होती.
वेल सुईवरून पुढं गेला. ती गंजली असेल,
पानांत दिसत नाही.

राहता राहिलं रताळं.
सकाळी सातला डांबर चुलीपुढं येतो,
बसतो, शेपूट दोनदा आपटतो.
डॉक्टर म्हणाले, ते औषध होतं, बंद करा.
पण त्याला कोण सांगणार.
पंचफुला एक त्याला सोलते, अर्धं मला,
आणि खाऊन तो सांदवाडीकडे निघाला
की सवयीनं मीही उठतो.
टॉर्च लागत नाही आता.
उजाडलेलं असतं.