वाट्यातला बांगडा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
पियेदादनं पन्नासची एक नोट जास्त परत दिली.
मी पाहिली, मोजली, खिशात घातली.
सकाळीच चौथीला खरेपणाचा धडा शिकवून आलो होतो,
बोटांना खडू तसाच.

पुढच्या शुक्रवारी तिनंच हाक मारली,
"मास्तर, मागच्या खेपेला
तुझ्या वाट्यात एक बांगडा कमी पडला रे."
आणि खवलं चिकटलेल्या हातानं
दोन टाकले पिशवीत.
मी म्हटलं, असू दे गं बाय.
तेवढंच.

वर्गात ही गोष्ट सांगितली,
बांगड्यापासून सुरू केली.
मागच्या बाकावरची शेवंती गावकर म्हणाली,
"गुरुजी, मग तुम्ही काय दिलं तिला?"

नोट शर्टाबरोबर एकदा धुतली गेली.
आकडा अजून दिसतो.