चौदा खटके

मर्डोकने ही रायफल पंचाहत्तर मीटरवर लावली होती.
"टेकडी मोठी आहे, उना," म्हणायचा,
"जवळचं काय, कुणीही मारेल."

ससे आता टेकडीवर थांबत नाहीत.
ओटागोतलं ऊन कललं की कोबीच्या वाफ्यात उतरतात,
मागच्या पायरीपासून पंचावन्न पावलं
(माझी पावलं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची).

काल गोळी कानांवरून गेली.
सशाने मान वर केली, पुन्हा पान ओढलं.
परवा मात्र लागली, नको तिथे.
तो आवाज मी कुणाला सांगितलेला नाही.

गोळी सरळ जात नाही, हे त्यानेच शिकवलं:
निघते नजरेच्या खालून,
चढता चढता तिला छेदते,
थोडा वेळ वरून चालते
आणि उतरताना पुन्हा एकदा भेटते.
दोनच ठिकाणी खरी.
बाकी सगळीकडे किती चुकते ते पाठ करायचं.

आज मातीच्या बांधापुढे सफरचंदांचं खोकं,
त्यावर पुठ्ठा. चाळीस मीटर, टेप लावून.
दुर्बिणीच्या चकतीवर लाल ठिपका आहे,
माझंच नेलपॉलिश, न विचारता घेतलेलं.
एकेक खटका फिरवला, मध्ये चहा प्यायले,
चौदाव्याला तीन भोकं एका नाण्याखाली झाकली.

ठिपका बाजूला सरकला.
खरवडला नाही.
वर, रानटी थाइमच्या झुडपांत,
त्याच्या अंतरावर
एक ससा मागच्या पायांवर उभा राहिला.
त्याला राहू दिला.