तारीख चालू

निवृत्तीच्या पैशांतून मी काय घेतलं, तर
मुठीत मावणारा एक कॅमेरा
आणि त्याच कंपनीचा, पोळ्यांच्या डब्याएवढा प्रिंटर.
दांडिया बाजारात बातमी पोचायला दोन दिवस लागले.
तिसऱ्या दिवशी फराटेवहिनी आल्या,
मागून यामिनी, अबोली साडीत.
"स्टुडिओवाला लुटतो हो. तुम्हीच काढा.
आणि जरा उजळ येऊ द्या."

बायोडेटात लिहिलंय: निमगोरी.
"म्हणजे उरलेली निम्मी कुणाची?" यामिनीनं विचारलं.
ती गोरव्याला औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे.
"तेवढाच काय तो गोरेपणा, पत्त्यातला," म्हणाली
आणि खिडकीशी बसली.
बाहेर तारेत उत्तरायणातला पतंग लटकत होता,
कामट्या शिल्लक, कागद गेलेला.

पांढऱ्याचे पर्याय कॅमेऱ्यात सहा.
'आपोआप'वर ठेवलं, तर समोरच्या भिंतीचा
सगळा गुलाबीपणा हिच्या गालावर.
'ढगाळ'वर ठेवलं, तर कावीळ उतरत आल्यासारखी.
बल्बच्या खुणेवर बोट गेलं नि
वहिनी उठूनच उभ्या राहिल्या: "हा! हा बघा कसा उजळ!"
उजळ नव्हता.
नीळ जास्त झालेल्या चादरीसारखा होता.
हे त्यांना कसं सांगावं?
त्यांच्या चादरी मी रोज वाळताना बघते.

शेवटचा पर्याय: स्वतः ठरवा.
त्यासाठी काहीतरी खरंच पांढरं लागतं.
माझा टॉवेल पिवळटलेला, वहिनींचा रुमाल मोतिया,
वहीचा कागदसुद्धा, नीट पाहिला तर, निळसर.
यामिनीनं पिशवीतून प्रयोगशाळेतला कोट काढला,
इस्त्रीच्या घडीसकट,
आणि स्वतःच्या तोंडासमोर धरला.
मी सगळी चौकट कोटानं भरली, बटण दाबलं.
हे पांढरं.
एकदा एवढं सांगितलं की
बाकीचे रंग मुकाट आपापल्या पाटावर बसतात.
कोट खाली आला. मागे यामिनी होती,
साडी अबोली, गुलाबी भिंत भिंतीच्या जागी,
आणि ती तिच्याच रंगाची.
वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "नाक छान आलंय."

वायर कॅमेऱ्यातून थेट प्रिंटरात, मध्ये कुणी नाही.
प्रती किती? आठ.
कडेला पांढरी पट्टी? असू दे.
तारीख?
"तारीख नको बाई. मागचे फोटो चार वर्षं पुरले."
मी चहा टाकायला उठले,
साखर कमी म्हणून सांगायला वहिनी माझ्यामागे.
परत आलो तर पडद्यावर: तारीख चालू.
यामिनी पतंगाकडे बघत होती.
मी चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

प्रिंटर एकच कागद चार वेळा आत ओढतो,
चार वेळा बाहेर काढून दाखवतो.
पहिल्यांदा आली ती नुसती पिवळी.
वहिनींचा कप ओठाशी थांबला: "अगंबाई, हळद."
मग लालसर.
मग निळा चढला नि डोळे आले, केस आले, कानातलं आलं.
चौथ्या वेळी काहीच बदललं नाही,
फक्त वरून एक तकाकी.
"गुजरात्यांच्यात चारच फेरे असतात," यामिनी म्हणाली.
कुणी हसलं नाही. मग वहिनीच हसल्या.

आठही फोटो त्यांनी एकेक करून पाकिटात घातले.
प्रत्येकाचा उजवा कोपरा अंगठ्याखाली,
८.२.२००७ वर, नेमका.
दिसलं का, ते मी विचारलं नाही.

रात्री ट्यूबच्या उजेडात
ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्याचा फोटो काढला.
दूध हिरवट आलं.
कॅमेऱ्याला अजून
खिडकीतला तो कोटच पांढरा वाटत होता.