शेवटचं गाणं

झ्देन्का म्हणाली, शेवटी हळू गाणं ठेवा.
काठाशी सुईला पळायला अंगण असतं,
मध्याकडे येता येता त्याची बोळ होते,
तिथे 'स' चरचरतो.
गायक ऐकेना. वय तेवीस.

मग तिने लॅकर कापताना
प्रत्येक 'स'ची धार बोथट केली,
त्याला न सांगता.

ओस्त्रावाला, कारखान्यात,
रादिमने प्रेस जरा लवकर उघडला:
जेवणाची घंटा झाली होती.
तबकडी ऊनऊनच निघाली,
कडेला उचलली गेली नखभर.

नमुना आला.
'स' शाबूत.
पण लांबवलेला सूर डुलतो,
आणि दर फेऱ्याला एक टक्.

पुन्हा छापा, तिने कळवलं.
ही प्रत मात्र घरी नेली.
हिच्यात रादिमची भूक ऐकू येते.