कलम चौदा (ब)

मंगळवारी मी विल्फ सग्डनना पत्र लिहायला घेतलं.
बार्नस्लीवर पाऊस नव्हता, नुसतंच मळभ,
रेडिएटर कण्हत होता
आणि मी एका शब्दापाशी अडले होते.

'ब्रीच' म्हटलं की तटबंदीला भगदाड पडतं.
'व्हायोलेशन'ला रक्ताचा वास येतो.
'इन्फ्रिंजमेंट' म्हणजे पडद्याची उसवलेली झालर,
आणि 'नियम मोडलात' असं तर
बाई पोरांना म्हणतात, मधल्या सुट्टीनंतर.
एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला कसं म्हणायचं?

शेवटी नेहमीचाच काढला, कडक इस्त्रीचा:
'इन कॉन्ट्राव्हेन्शन ऑफ'.
एकतीस वर्षं हा माझ्या हाताखाली आहे,
की मी त्याच्या?
तो कुणावर ओरडत नाही.
त्याच्यामागे क्रियापद लपतं,
क्रियापदामागे मी.
कोणी मोडलं, कोणी पाहिलं, कोणी चुगली केली
काहीच सांगावं लागत नाही.
(बारा नंबरच्या बाईंनी. वाळत घातलेल्या चादरी, पांढऱ्या.)
फक्त एवढंच, की परसातलं कबुतरांचं खुराडं
हे भाडेकराराच्या कलम चौदा (ब) च्या
इन कॉन्ट्राव्हेन्शन असून
चौदा दिवसांत हलवण्यात यावं.
आपली विश्वासू,
ग्लेनिस टॉर्डॉफ.

सोमवारी तोच कागद परत आला.
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल,
खाणीत हात गेलेल्या माणसाचं दाबून काढलेलं अक्षर,
बोटं फिरवली तर पुढून वाचता यावं इतकं.

"मॅडम, तुमचा शब्द मला कळला नाही.
लायब्ररीत मोठा कोश वरच्या मजल्यावर असतो,
तिथे जाऊन पाहिला.
मूळ लॅटिन आहे म्हणे. विरुद्ध, आणि येणे.
विरुद्ध येणे.
हे तुम्हाला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण बरोबर आहे.
शनिवारी फ्रान्सहून सोडलेली माझी पाखरं
सगळी वाऱ्याविरुद्धच आली. अकरा.
निळी मादी यायची आहे.
खुराडं हलवलं तर ती कुठे येईल
ते कलमात सापडलं नाही.
कळावे."

मी ते दोनदा वाचलं, मग चहा थंड झाल्यावर अजून एकदा.
कायद्यावर बोट ठेवून जगलेल्या बाईने
बोट जरासं उचललंच,
तर खाली काय निघणार?
शाईचा डाग. दुसरं काय.

उत्तर लिहिणं भागच होतं. लिहिलं.
शब्द तोच ठेवला.
बदलला असता तर म्हातारा
एवढे जिने चढला ते फुकट गेलं असतं.
फक्त 'चौदा दिवस' यापुढे
कधीपासून, ते घालायचं राहिलं.

डेलरॉय पिनॉकने सहीआधी त्या जागेवर लाल गोल काढला
आणि भुवई उचलून माझ्याकडे पाहिलं.
बघते, म्हटलं.

खिडकीबाहेर टाउन हॉलच्या कठड्यावर
काही कबुतरं बसली होती, आपली साधी,
चौकातली, कुणाचीच नसलेली.
त्यांच्यात निळं काही नव्हतं.
तरी मी पाहिलं.